बीटी कपाशीची युक्ती, माणसाचं प्रथिन: जालन्याला यात जागा आहे का?

जालना म्हटलं की स्टील आणि बियाणं. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच महिको सुरू केली. 2002 मध्ये मंजुरी मिळालेली देशातली पहिली बीटी कपाशीही याच कंपनीची. त्यात मातीतल्या जिवाणूचं जनुक कपाशीत टाकलं होतं.

'रिकॉम्बिनंट ह्यूमन केमोकाइन' या नावाला घाबरू नका. युक्ती तीच, दिशा उलटी. माणसाचं जनुक जिवाणूत टाकायचं आणि त्याच्याकडून प्रथिन बनवून घ्यायचं. मानवी इन्सुलिन 1982 पासून असंच बाजारात आहे.

केमोकाइन म्हणजे पांढऱ्या पेशींना 'इकडे या' अशी हाक मारणारं प्रथिन. यातली काही पेशीवरच्या सीसीआर5 नावाच्या दाराला चिकटतात. एचआयव्ही बहुतेकदा त्याच दारातून शिरतो, हे 1996 मध्ये कळलं. 2007 मध्ये ते दार अडवणारं माराविरॉक हे औषध आलं.

कुपीवर मात्र 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे हे औषध नव्हे.

मग गोची कुठंय? जैवउत्पादन देशात वाढावं म्हणून केंद्रानं ऑगस्ट 2024 मध्ये बायोई3 धोरण मंजूर केलं. पण अशी प्रथिनं आजही बरीचशी परदेशी कंपन्यांकडूनच घेतली जातात, तीही मायक्रोग्रॅमच्या मापात. जनुकांचं काम जालन्याला नवं नाही. ते बियाण्यापुरतंच का राहावं, हा प्रश्न इथल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हरकत नाही.