दाखला आणि खोकला

मुलाचें दुखणें हें पूर्वीं आई आणि वैद्य यांच्यामधलें काम होतें; शाळेस कळवावयाचें तें एका चिठ्ठीनें भागे. कोरोनाच्या सांथीनें तें काम शाळेच्या कचेरींत नेलें. महाराष्ट्रांतील शाळा मार्च २०२० मध्यें बंद झाल्या, पुढें उघडत-मिटत राहिल्या, आणि २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हां उघडूं लागल्या. त्या सुमारास आमच्या घरीं घडलेली हकीकत येथें देतों. ज्यांचें घर एकत्र आहे त्यांस ती परकी वाटणार नाहीं.

त्या वेळीं घरांत आम्ही अकरा माणसें. फेब्रुवारींत पांचवींतल्या नातवाला ताप आला व तपासणींत कोरोना निघाला. ताप दोन दिवसांत उतरला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या त्या जानेवारींतील सूचना अशा होत्या कीं, सौम्य रोग्यानें निदान सात दिवस घरीं वेगळें राहावें, शेवटचे तीन दिवस ताप नसावा, आणि मग पुन्हां तपासणीची गरज नाहीं. शाळेचा नियम मात्र निराळा: अहवाल निर्दोष आल्याखेरीज प्रवेश नाहीं! आतां या आरटीपीसीआर तपासणीचा स्वभाव असा कीं, दुसऱ्यास रोग देण्याची शक्ति संपल्यावरही विषाणूचे अवशेष नाकांत राहतात, व कित्येकांत ती आठवडेच्या आठवडे दोष दाखवीत राहते. दहाव्या दिवशीं दोष, पंधराव्या दिवशीं दोष! केंद्रावर जाऊन नमुना दिल्यास ३५० रुपये, माणूस घरीं बोलाविल्यास ७००, हा त्या वेळचा सरकारी दर. पैशाचें एक वेळ सोसलें. पण चिरंजीव परगांवीं आणि सूनबाई बँकेंत. त्यांची हक्काची रजा सरली व बिनपगारी सुरू झाली, आणि इकडे नातू अंगणांत विटीदांडू खेळत होता.

आमच्या शास्त्रकारांनीं मेघगर्जना, धुळीचें वादळ, प्रतिपदा अशीं अनध्यायाचीं कारणें सांगितलीं आहेत. परंतु आकाश निवळल्याचा दाखला कोणा गुरूनें मागितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. असो.

दुसरा नियम याहून अवघड. घरांत कोणासही खोकला असल्यास मुलाला पाठवूं नये, आणि तसें रोज सकाळीं फोनवर लिहून कळवावें. हा नियम लिहिणाराच्या डोळ्यांपुढें चार माणसांचें बिऱ्हाड असावें. आमच्या मातोश्री तेव्हां ८८ वर्षांच्या, दम्याच्या. त्यांचा खोकला गेलीं वीस वर्षें घड्याळाच्या ठोक्यांसारखा चाललेला. पुतण्याची मुलगी तिसरींत, अंगानें ठणठणीत. खरें लिहावें तर पोर घरीं बसे. खोटें लिहावें तर लिहिणारे आम्ही, ज्यांनीं सारा जन्म मुलांना खरें बोलावयास सांगितलें! शेवटीं मातोश्रीच म्हणाल्या, "मी मागल्या खोलींत दार लावून खोकते. तूं 'नाहीं' म्हणून लिही." आम्हीं तसें लिहिलें. म्हाताऱ्या माणसानें आपल्याच घरांत चोरून खोकावें, हें त्या तीन आठवड्यांत आम्हीं पाहिलें.

शाळेला दोष देऊन मोकळे व्हावें, तर आमचेही हात अडकलेले आहेत. नोकरींत असतां पूर्ण हजेरीचें बक्षीस आम्हीं वर्षानुवर्षें वाटलें. एका वर्षीं त्या बक्षिसापायीं एका माउलीनें गालगुंड झालेल्या मुलाला मफलर गुंडाळून शाळेंत पाठविलें, आणि महिन्याच्या आंत निम्म्या वर्गाच्या गळ्यांत मफलर आले. बक्षीस त्या मुलालाच मिळालें. तें देणारे आम्हीच. तेव्हां नियम नकोतच असें आम्ही म्हणणार नाहीं. तापाचें मूल घरींच ठेवावें, दिवस मोजावे, मोजून झाले कीं त्याला मुकाट्यानें वर्गांत घ्यावें. जुन्या दम्याला सांथ म्हणूं नये. आणि तीं हजेरीचीं बक्षिसें आधीं बंद करावीं.

हें सर्व, सरकारी सूचनेची प्रत जोडून, आम्हीं मुख्याध्यापिकाबाईंस लिहून कळविलें. उत्तर सौजन्याचें आलें. नियम शाळेनें आपण होऊन केलेला नव्हता. पालकांनींच भीतीनें अर्ज करून तो मागितला होता. अर्जाची प्रत बाईंनीं सोबत पाठविली होती. सह्या पाहतां पाहतां सातवी सही आमच्या पुतण्याची निघाली.