कामांची याद आणि तिची चाळण

पेढीच्या कामांची याद आता कागदावर न राहता संगणकात आणि मोबाइलमध्ये राहू लागली आहे. पेढीवर लिहिलेले काम त्याच क्षणी मार्केट यार्डात उभ्या असलेल्या मुलाच्या खिशात पोहोचते, ह्या सोयीची थोरवी आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. काम पोहोचते, परंतु ती कामे कोणत्या क्रमाने पाहावयाची, हे पुष्कळदा पोहोचत नाही, आणि व्यापारात क्रम हीच अर्धी अक्कल होय.

आमच्या पिढीस हा भेद समजावयास कठीण नाही. रोजकीर्दीत नोंदी आल्या तशा पडतात. खतावणीत त्याच नोंदी खातेवार मांडल्या जातात. नोंद एकच, पाहण्याची तऱ्हा दुसरी. ह्या तऱ्हेस संगणकाच्या जगात ‘व्ह्यू’ म्हणतात. कोणती कामे दाखवावयाची, कोणत्या क्रमाने लावावयाची, त्यांचे गट कसे पाडावयाचे, हे त्यात ठरते. दिवाणजी संगणकावर ‘आज व उद्या मुदत संपणारी कामे, तासावार’ असा व्ह्यू मोठ्या कष्टाने बांधतो. मोबाइलवर मात्र तीच कामे लिहिल्या क्रमाने सरसकट ओतलेली दिसतात. म्हणजे कीर्द गावभर फिरते आणि खतावणी पेढीवर कुलपात राहते.

ह्याने बिघडते काय, असे कोणी विचारील. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पिशव्यांतून तांदूळ बेळगावहून मडगावास पाठवावयाचा आहे असे धरू. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल लागते. २०२१ च्या जानेवारीपासून दर २०० किलोमीटरांस एक दिवस अशी त्याची मुदत आहे. म्हणजे ह्या वाटेस एकच दिवस, आणि तो बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री संपतो. गाडी घाटात अडकली तर मुदत संपण्यापूर्वीचे ८ तास व नंतरचे ८ तास, एवढ्याच अवधीत ती वाढवून घेता येते. पेढीच्या संगणकावर हे काम यादीच्या माथ्यावर झळकत असते. पण रात्री पेढी बंद. जागा असतो तो मोबाइल. त्यावर ते काम बारदानाची मागणी, तोलाईचा हिशेब, ११ तारखेचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेचे जीएसटीआर-३बी ह्यांच्या खाली तेविसावे पडलेले असले, तर ते न पोहोचल्यासारखेच. गाडी अडविली गेल्यावर ‘यादीत होते’ हे उत्तर कोणताही अधिकारी ऐकून घेत नाही.

असे होण्याचे कारण आहे. कामाची नोंद एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्याचे रिवाज जुने आहेत. १९९८ साली ठरलेल्या ‘आयकॅलेंडर’ ह्या नमुन्यात कामाचे नाव, मुदत, निकड, वर्ग, पूर्ण झाले की नाही, इतक्यांना जागा आहे. २००७ साली आलेली ‘कॅलडॅव्ह’ पद्धत ह्या नोंदी दोन्हीकडे सारख्या ठेवते. व्ह्यूला त्या नमुन्यात जागाच नाही. तो ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर. संगणकावरील जुन्या आउटलुकात हवा तसा व्ह्यू बांधता येतो. तीच कामे मोबाइलवर मायक्रोसॉफ्ट टू-डूमध्ये उतरतात, परंतु व्ह्यू मागेच राहतो. उलटपक्षी ‘टुडुइस्ट’मध्ये बांधलेली चाळण, म्हणजे फिल्टर, खात्यातच साठविली जाते, म्हणून ती पेढीवर आणि प्रवासात सारखीच उघडते. हे होऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध आहे.

कंपन्यांचा बचाव असा की संगणकाचा पडदा रुंद, मोबाइलचा अरुंद. सात रकाने त्यात मावावे कसे? हा बचाव आम्हांस अर्धाच पटतो. रकाने किती दाखवावे हे खुशाल पडद्याने ठरवावे. परंतु कोणता दाणा वर राहावा आणि कोणता खाली पडावा हे चाळणीच्या भोकांनी ठरते, चाळणी कोणत्या खोलीत धरली आहे ह्याने नव्हे. निवड आणि क्रम धन्याचे. रकाने आणि अक्षरांचा आकार यंत्राचा. अशी वाटणी केली तर भांडण उरत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. दिवाणजीने पेढीवर आणि मुलाने रेंज नसलेल्या घाटात एकच व्ह्यू बदलला, तर मागाहून पोहोचलेला बदल आधीच्यास पुसून टाकण्याचा संभव असतो. म्हणून पेढीचा सामाईक व्ह्यू एकानेच बदलावा. इतरांनी नक्कल काढून तीत हवे ते फेरफार करावे. एका खतावणीत दोन हात नकोत, हा दंडक आमच्या वडिलांच्या वेळी होताच.

तोवर शहाणपण व्ह्यूमध्ये न ठेवता नोंदीत ठेवावे. मुदतीची तारीख, निकड, ‘गाडी’, ‘वसुली’ किंवा ‘कर’ असा वर्ग, सारे नोंदीतच लिहावे. तारखेवार लावण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तासाची नड असेल तर कामाच्या नावाआधीच तास घालावा. आणि नवे ॲप विकावयास येणाऱ्या गृहस्थांनी ‘सर्व सिंक होते’ असे म्हटले की त्यांना पेढीच्या संगणकावर एक चाळण बांधावयास सांगावे आणि तीच त्यांच्या मोबाइलवर उघडून दाखवा म्हणावे. दाखविली तर वर्गणी भरावी. तीही प्रथम महिन्याची, सालाची नव्हे.