लॅपटॉप घ्यायचा? आधी टाइप करून बघा!

दिवाळीची सुट्टी संपत आली होती. सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि दारात गाडी थांबली. मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम करणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, त्यांची बायको आणि मुलगी आले होते. मुलगी आमच्याच कॉलेजात, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या हातात दुकानांच्या जाहिरातींची चार रंगीत पत्रकं.

"मॅडम, पोरीला लॅपटॉप घ्यायचा हाय. बोनस घालून पंचेचाळीस हजार जमवलेत. एकदाच घेणार, परत घेणं काय होणार न्हाई. तुम्ही सांगशीला तो घेऊया."

मुलीची आई बैलहोंगलकडची. तिनं एवढंच म्हटलं, "चलो इरबेकु नोड्री." चांगला असायला हवा, बघा.

वाचकहो, खरं सांगते, मला धडकीच भरली. मी मराठीची मास्तरीण, संगणकाची नव्हे. आणि पंचेचाळीस हजार म्हणजे त्या घराची वर्षभराची काटकसर. पण नाही म्हणवेना, कारण मी स्वतः एकदा चांगलीच फसले होते. काही वर्षांपूर्वी एक चकचकीत, पातळ, चंदेरी लॅपटॉप हौसेनं घेतला. चौदाव्या महिन्यात झाकणाची बिजागरी निखळली आणि पडदाही गेला. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो गुपचूप कपाटात ठेवला. अजून तिथंच आहे!

ती चारही पत्रकं मी वाचली. प्रोसेसर कुठला, रॅम किती, बॅग फुकट, माऊस फुकट. सगळं होतं, पण बटणं कशी आहेत, झाकण किती मजबूत आहे, उद्या बिघडला तर उघडता येतो का, यातलं एक अक्षर नव्हतं. लग्नाच्या स्थळाची पत्रिका, पगार, शेती सगळं बघावं आणि माणूस बोलतो कसा ते बघूच नये, तसं झालं की हे! रोज आठ तास आपला संबंध येणार तो बटणांशी, पडद्याशी आणि बिजागरीशी.

म्हणून मी त्यांच्यापुढे माझा आत्ताचा लॅपटॉप ठेवला. काळा, जाडसर, कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेला. लेनोवोचा थिंकपॅड टी-४८०. हा बाजारात आला २०१८ साली. मुलीचा चेहरा उतरला. "मॅडम, हा तर जुना दिसतोय." जुना आहेच. पण त्याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे.

थिंकपॅड मूळ आयबीएम कंपनीचा. पहिले १९९२ साली आले. त्यांचं रूप ठरवलं रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरनं, आणि त्यात जपानी बेंटो डब्याची कल्पना होती. बाहेरून साधी काळी पेटी, झाकण उघडलं की आत सगळं नीट मांडलेलं. आपल्या जेवणाच्या डब्याला कुणी नक्षी विचारत नाही. झाकण घट्ट बसतं का आणि आमटी सांडत नाही ना, हेच बघतो. तोच हा विचार. २००५ मध्ये आयबीएमनं हा व्यवसाय लेनोवोला विकला, पण काळी पेटी टिकली. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हेही याच जातीचे. यांना बिझनेस लॅपटॉप म्हणतात. कंपन्या ते शेकड्यानं घेतात आणि काही वर्षांनी बदलतात. मग ते साफसूफ होऊन बंगळूरच्या एस. पी. रोडसारख्या बाजारांतून आपल्याकडे येतात. माझा मला बावीस हजारांना पडला.

आता पहिली गोष्ट, बटणं. लॅपटॉपची परीक्षा करणारे बहुतेक लोक इंग्रजी टाइप करून बघतात. आपल्या घरांत मात्र मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं. ही मुलगी गावातल्या महिला बचत गटाचं इतिवृत्त मराठीत टाइप करते आणि सरकारी अर्ज कन्नडमध्ये. अशा दुभाषी घरांसाठी इन्स्क्रिप्ट नावाची बटणांची रचना फार सोयीची आहे. ती १९८० च्या दशकात सरकारी पुढाकारानं ठरली आणि विंडोजमध्ये आयतीच मिळते. तिची गंमत अशी, की मराठीचा क आणि कन्नडचा क एकाच बटणावर. त, प, म, र, ळ, सगळ्यांचं तसंच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एक भाषा शिकलात की दुसरी निम्म्याहून जास्त आलीच. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबला की भाषा बदलते. आपण 'अक्का' लिहितो आणि कन्नडमध्ये 'अक्क' लिहितात. बोटं त्याच वाटेनं जातात, मराठीत शेवटी एक काना जास्त, एवढाच फरक!

पण इथं एक मेख आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ट, ड, च, य ही अक्षरं कुठं येतात? इंग्रजीत जिथं अवतरण, कंस, अर्धविराम आणि तिरकी रेघ असते, त्या उजव्या कडेच्या बटणांवर. इंग्रजीत ती बटणं कधीमधी लागतात, म्हणून काही लॅपटॉपांत जागा वाचवायला ती अरुंद करतात. आपल्याला मात्र ती प्रत्येक ओळीत लागतात. 'चटणी' लिहायला घ्या, पहिली दोन अक्षरं उजव्या करंगळीचीच. बटणं बारीक असली की 'ट'च्या जागी एन्टर दाबला जातो आणि ओळ तुटते. टी-४८० मध्ये ही बटणं पुरत्या रुंदीची आहेत, दाबल्यावर खाली गेल्याचं बोटाला नीट कळतं आणि माथा किंचित खोलगट असल्यानं बोट घसरत नाही. शिवाय उकार, प आणि व यांच्या मध्ये एक लाल टिकली आहे. बोटानं ती ढकलली की बाण सरकतो, हात बटणांवरून उचलायला नको. माऊसकडे हात नेण्या-आणण्यात वेळ जातो, या विचारातून टेड सेल्कर यांनी ती आणली. आठ दिवस विचित्र वाटते, मग सवय होते.

वापरलेला लॅपटॉप घेताना एक जपा. परदेशातून आलेल्या काही नगांत बटणांची मांडणी युरोपची असते. एन्टर उभा आणि मोठा, डावा शिफ्ट आखूड. चालतो, पण आपल्याकडच्या सवयीचा हात अडखळतो.

दुसरी गोष्ट, पडदा. चौदा इंचाचा आकार मला पटतो. बसमध्ये मांडीवर मावतो आणि वजन पावणेदोन किलोच्या आतबाहेर. पण एकाच मॉडेलात पडदे वेगवेगळे असतात. टी-४८० मध्ये १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा साधा पडदाही आला आणि १९२० बाय १०८० चाही आला. इंग्रजी वाचणाऱ्याला साधा चालून जाईल. आपल्याला नाही. कन्नडचं ओत्तक्षर अक्षराच्या खाली इवलंसं बसतं, आणि मराठीत द्व, द्ध, ह्म अशी जोडाक्षरं. ठिपके कमी असले की ती फिसकटतात आणि डोळे ताणावे लागतात. म्हणून दुकानात इंग्रजी पान नको, बारीक टाइपातलं कन्नड पान उघडून बघा.

तिसरी गोष्ट, ताकद. याचं झाकण सपाट, १८० अंशांपर्यंत उघडतं आणि मध्ये कुठंही ठेवलं तरी थांबतं. कीबोर्डवर पाणी सांडलं तर ते खाली वाहून जायला भोकं आहेत. पाणी म्हटलं मी, साखरेचा चहा नव्हे! बिझनेस लॅपटॉपांच्या जाहिरातीत 'अमेरिकन लष्कराच्या मानकाची चाचणी' असं लिहिलेलं असतं. ते मानक आहे मिल-एसटीडी-८१०. त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या हे कंपनी ठरवते, म्हणून तो शिक्का म्हणजे हमीपत्र नव्हे. तरी या वर्गाचा सांगाडा घरगुती स्वस्त लॅपटॉपपेक्षा बहुधा दणकट असतो. फौंड्रीच्या परिसरात मात्र लोखंडाची बारीक धूळ हवेत असते. पंख्याच्या जाळ्या वर्षातून एकदा साफ करून घ्याव्यातच, आणि गादीवर ठेवून कधी चालवू नये.

चौथी गोष्ट, वीज. आपल्याकडे जुलैच्या पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. टी-४८० मध्ये दोन बॅटऱ्या आहेत, एक पोटात आणि एक बाहेरून काढता येणारी. लॅपटॉप चालू असतानाच बाहेरची बदलता येते. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या टी-४९० मध्ये, लॅपटॉप पातळ करण्याच्या नादात ही सोय गेली. प्रगती कधीकधी अशीही होते! चार्जिंगचं तोंड मात्र टाइप-सी आहे. पासष्ट वॅटचा दुसऱ्या चांगल्या कंपनीचा चार्जरही चालतो. रॅमच्या दोन खाचा आहेत, हार्ड डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी बदलता येते. मागचं झाकण स्क्रूनं उघडतं. दुरुस्ती आपल्या गावात होऊ शकते, ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. कंपन्यांनाही ते पुन्हा पटू लागलं असावं. २०२४ च्या टी-१४ या मॉडेलला दुरुस्तीच्या सोयीबद्दल आयफिक्सिट या संस्थेनं दहापैकी नऊ गुण दिले. मी तर पेपर तपासताना इतके सढळ गुण देत नाही!

आता उणी बाजूही सांगायला हवी. दिसायला हा लॅपटॉप रुक्ष. कॅमेरा ७२० चा, म्हणजे चेहरा धुरकट. आवाज खालच्या बाजूनं येतो, म्हणून दबका. मूळ पडद्याचा उजेड २५० निटच्या घरातला, तेव्हा उन्हात पडवीत बसून काम होणार नाही. गेम खेळणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. आणि वयाचा प्रश्न आहेच. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. टी-४८० काठावर पास होतो. त्याचा थोरला भाऊ टी-४७० नापास, आणि बाहेरून दोघं जुळ्यासारखे! म्हणून नाव विचारून थांबू नका. सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा आकडा वाचा. ८२५० किंवा ८३५० असेल तर ठीक, ७२०० किंवा ७३०० असेल तर नमस्कार करून उठा.

आणखी दोन तपासण्या. चालू करताना एफ-वन दाबा. पासवर्ड मागितला तर तो नग घेऊ नका, ते कुलूप काढणं फार अवघड असतं. नव्यानं सुरू करताना एखाद्या कंपनीचं नाव आणि लॉगिन विचारलं, तरीही नको. बॅटरीचा अहवाल विंडोजमध्ये काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसतात. दुकानदाराकडून तो काढूनच घ्या. आणि बिल, वॉरंटी कागदावर.

हे सगळं ऐकून गृहस्थ म्हणाले, "मॅडम, जुना घेतला तर लोक काय म्हणतील?" मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "बाबा, लोक टाइप करून देणार हाईत काय?"

पुढच्या रविवारी आम्ही बेळगावात गेलो. दुकानातल्या पोरानं एक नग समोर ठेवला. तिनं भाषा बदलली आणि बसल्या बसल्या अर्धं पान टाइप केलं, थोडं मराठी, थोडं कन्नड. पोरगा बघतच राहिला. मग ती म्हणाली, "याचा ट अडकतोय. दुसरा दाखवा." दुसरा आणला. त्याचा ट चालला, पण पडदा साधा निघाला. तिसरा जमला. एक वर्षाची लेखी वॉरंटी आणि वाढीव रॅम धरून चोवीस हजार झाले. उरलेले एकवीस हजार तिच्या आईनं तिथल्या तिथं पदराआड केले, पुढच्या वर्षीच्या फीसाठी.

मी काही सगळ्यांनी जुनाच घ्या असं म्हणत नाही. ज्यांना नवा परवडतो त्यांनी नवा घ्यावा, त्याची वॉरंटी मोठी, आयुष्य जास्त. फक्त पत्रक वाचून घेऊ नका. दुकानात खुर्ची मागून घ्या, दहा मिनिटं बसा आणि आपल्या भाषेत, आपल्या दोन्ही भाषांत, टाइप करा. कापड घेताना आपण बोटांत चुरगाळून बघतोच की नाही?

परवा त्या मुलीनं बचत गटाचं इतिवृत्त दाखवायला आणलं. छान होतं. एका ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकलं होतं. ते काही लॅपटॉपकडून दुरुस्त होत नाही, त्याला मास्तरीणच लागते!