मावळ्याच्या अंगरख्याचा पुरावा

शिवजयंती जवळ आली की ड्रेसवाल्यांची चलती असते. भाईंदरचं गोडदेव काय आणि गोरेगाव काय, भाड्याने मिळणारा माल सगळीकडे सारखाच असतो. सॅटिनचा अंगरखा, पाठीला वेलक्रो, कमरेला चमकीचा पट्टा, आणि छोट्या जिजाऊंसाठी इलास्टिक घातलेली शिवलेली नऊवारी. शाळेच्या फॅन्सी ड्रेसपुरता हा इतिहास अंगावर चढतो आणि अनामत परत मिळावी म्हणून डाग न पाडता उतरतो. दिवाळीतल्या किल्ल्यावर मांडायची चित्रं जरा जास्त टिकतात, पण तीही साच्यातून निघालेली. इतिहासावरून इतक्या तावातावाने भांडणाऱ्या समाजाला त्या इतिहासातल्या माणसांनी नेमकं काय घातलं होतं, ते कोणत्या कापडाचं होतं आणि कसं शिवलं होतं, हे प्रश्न सहसा पडत नाहीत. ज्या छंदात हे प्रश्न पहिल्या टाक्यापासून पडतात, म्हणजे जुन्या काळाचे पोशाख अभ्यासून माणसाच्या किंवा बाहुलीच्या मापाने शिवण्याचा छंद, तो मात्र आपल्याकडे रिकामटेकडेपणात जमा होतो. त्यात कुणी इंग्लंडच्या ट्यूडर राण्या शिवायला घेतल्या तर कपाळाला आठ्याच पडतात. माझं म्हणणं असं की हा छंद आपल्या इतिहासप्रेमाला हवाच आहे, आणि त्याची शिस्त ट्यूडर पोशाखांवरून शिकण्यात काही कमीपणा नाही.

ट्यूडर घराण्याने १४८५ ते १६०३ राज्य केलं. त्यांच्या कपड्यांवर एवढा अभ्यास झाला त्यावरून वाटेल की पोशाख पेट्यांमधून जसेच्या तसे सापडले असतील. तसं झालेलं नाही. एलिझाबेथ राणीच्या कपडेपटाची १६०० सालची भलीमोठी यादी उपलब्ध आहे, पण तिच्यातला एकही पोशाख आज अख्खा दाखवता येत नाही. हेरफर्डशर परगण्यातल्या बॅक्टन गावच्या चर्चमध्ये वेदीवर अंथरलं जाणारं एक भरजरी कापड तिच्या पोशाखातूनच कापलेलं असावं, असं अभ्यासक मानतात. एवढ्यावर समाधान मानावं लागतं. बाकी सगळी इमारत याद्या, शिंप्यांचे हिशेब, मृत्युपत्रं, तैलचित्रं आणि थडग्यांवरचे पुतळे यांच्यावर उभी आहे. जॅनेट अर्नोल्ड या विदुषीने युरोपभरच्या संग्रहालयांत उरलेले त्या काळचे कपडे मोजले, शिवण कुठून जाते, अस्तर कशाचं आहे ते टिपलं, आणि १५६० ते १६२० या काळातल्या कपड्यांची ड्राफ्टिंग १९८५ साली पुस्तकरूपाने छापली. एलिझाबेथच्या कपडेपटावरचा त्यांचा ग्रंथ १९८८चा. ही पुस्तकं विद्यापीठात राहिली नाहीत, घरी शिलाई मशीन चालवणाऱ्यांच्या हातात गेली. बाहुल्यांची परंपरा इंग्लंडात वेगळी होतीच. पेगी निस्बेट यांनी १९५३ साली दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची बाहुली काढली आणि पुढे आठवा हेन्री व त्याच्या सहाही राण्या बाहुल्या होऊन दुकानांत आल्या. त्या बाहुल्या काटेकोर होत्या असं कुणी म्हणणार नाही. पण आज हा छंद करणारे आपसात वाद घालतात ते बाही मुंढ्याला शिवलेली होती की बंदांनी बांधलेली, अशा गोष्टींवरून. वाद कसला आहे ते पाहा. प्रत्येकाला आपल्या टाक्यामागे कागद दाखवावा लागतो.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. आपल्या मातीतलं सोडून गोऱ्या राण्यांचे झगे कशाला? आक्षेप घेणाऱ्याने साल तपासावं. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये तह करून वसई आणि साष्टी पोर्तुगीजांना दिली. आज ज्याला आपण मिरा-भाईंदर म्हणतो ती जमीन त्यातच गेली, आणि त्याच वर्षी आठवा हेन्री इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. एलिझाबेथच्या काळातच, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला, इथलाच झाला, आणि त्याने मराठीत ओव्या रचून ख्रिस्तपुराण लिहिलं. १५८३ मध्ये राल्फ फिच हा इंग्रज व्यापारी गोव्याच्या कैदेत पडला, तेव्हा त्याच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होता. ट्यूडर काळ आणि आपला किनारा हे परस्परांना इतके परके नव्हते. उलट याच शतकात आपल्या किनाऱ्यावरची माणसं काय नेसत होती याचे चित्रपुरावे तयार झाले. रोमच्या कासानातेन्से ग्रंथालयात १५४०च्या सुमाराची एक हस्तलिखित चित्रमाला आहे, पोर्तुगीज मथळ्यांची आणि बहुधा हिंदी चित्रकाराने काढलेली. तिच्यात गोव्याचे, गुजरातचे लोक आपापल्या पोशाखांत उभे आहेत. गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी राहिलेल्या लिन्सखोटेन या डचाने १५९६ साली छापलेल्या प्रवासग्रंथात गोव्यातल्या बायका-पुरुषांच्या चित्रांचे ठसे आहेत. ठसे कोरणारा हॉलंडात बसलेला होता, त्याने हे कापड कधी हाताळलेलं नव्हतं, म्हणून साडीच्या चुण्या त्याने रोमन पुतळ्यासारख्या काढल्या असतील तर नवल नाही. चित्राकडे असं संशयाने बघणं हेच तर या छंदातलं पहिलं शिक्षण. ट्यूडर पोशाखावर हात बसलेला माणूस लिन्सखोटेनचं पान उघडून कोकणी बाहुली शिवू शकेल. सॅटिनचा अंगरखा भाड्याने आणणाऱ्याला ते जमणार नाही.

बाहुलीच का, असं कुणी विचारेल. बाहुली चूक लपवू देत नाही, हे एक कारण. बार्बीच्या मापाची साडेअकरा इंची बाहुली म्हणजे माणसाचा साधारण सहावा हिस्सा. नऊ वारांचा सहावा हिस्सा दीड वार, आणि पंचेचाळीस इंची पन्ह्याचे होतात साडेसात इंच. हिशेब सोपा आहे, अडचण पुढे येते. लांबी-रुंदी सहापट कमी करता येते, सुताची जाडी येत नाही. बाजारातलं साधं सुती कापड घेतलं तर कमरेशी निऱ्यांचं गाठोडं होतं आणि काष्टा मागे शेपटासारखा ताठ उभा राहतो. म्हणून धुवून खळ काढलेलं जुनं मलमल लागतं. काठासाठी लेस चिकटवली की साडी पडद्यासारखी दिसते, त्यापेक्षा जुन्या लुगड्याचा अरुंद काठ उसवून लावलेला बरा. हे सगळं करून ओचा खोचला की कळतं की हे वस्त्र एकाही टाचणीशिवाय, केवळ गाठीच्या आणि ताणाच्या जोरावर अंगावर राहतं, आणि म्हणूनच ते नेसून शेतात वाकता येत होतं. सेफ्टी पिनचं पेटंट १८४९चं आहे, त्यामुळे पेशवाईतल्या बाहुलीच्या खांद्यावर ती दिसली की काळ चुकला. गंमत अशी की ट्यूडर बाहुलीला साध्या टाचण्या टोचलेल्या चालतात, कारण राणीचे कपडेही टाचण्यांनीच जागेवर राहत. गळ्याभोवतीच्या त्या चुणीदार चक्राला १५६० नंतर इंग्लंडात खळ घालू लागले, ते काम तांदळाच्या पेजेवर भागतं. रंगाचंही तसंच. कृत्रिम रंगांचा शोध १८५६चा, म्हणून शिवकालीन बाहुलीला झगझगीत जांभळा देऊ नये, पण गुलाबी बिनदिक्कत द्यावा, कारण करडईच्या फुलांतून तो निघत असे. फक्त उन्हात उडायचा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लोकांच्या मनात महाराजांचं आणि मावळ्यांचं एक रूप ठसलेलं आहे, त्याला पुराव्याच्या नावाखाली हात लावला तर भावना दुखावतील. पण महाराष्ट्राने हे एकदा पचवलेलं आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला भलत्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जाई. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतलं चित्र शोधून ही चूक दाखवून दिली आणि महाराष्ट्राने ती सुधारून घेतली. त्याने महाराजांची उंची कमी झाली नाही. युरोपातल्या संग्रहांत त्यांची जुनी दखनी चित्रं आहेत, जामा, कमरेचा पटका आणि तुऱ्याचं पागोटं त्यांत दिसतं. साध्या मावळ्याचं तितकं विश्वासार्ह चित्र दाखवणं अवघड आहे. प्रामाणिक छंदिष्ट तिथे बाहुलीखालच्या चिठ्ठीवर ‘अंदाज’ असा शब्द लिहील. चित्रपट तो लिहीत नाही, ड्रेसवाला तर नाहीच. भानू अथैय्या यांना ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालं ते १९८३ साली. वेषभूषेसाठी भारताला पहिलं ऑस्कर मिळवून देणारी बाई कोल्हापूरची. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण त्यांच्या मागे जो अभ्यास होता तो घरोघर करायचा म्हटलं की पोरखेळ वाटतो, ही विसंगती मला तरी उलगडत नाही.

या छंदावरची खरी टीका वेगळीच आहे, आणि ती मला मान्य आहे. इंग्लंडात असो की इथे, शिवल्या जातात त्या राण्याच. कपडा हा दर्जाचा हुकूम होता हे त्यामुळे नजरेआड होतं. १५३३च्या इंग्रजी कायद्याने जांभळं रेशीम राजघराण्याखेरीज इतरांना वर्ज्य केलं. आपल्याकडे असे कायदे छापावे लागले नाहीत, जातीने ते काम केलं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची जात दाखवणारी पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडून द्या असं सांगितलं, तेव्हा त्यांना नेसणीतलं राजकारण पक्कं ठाऊक होतं. आधीची नेसण आणि नंतरची नेसण अशा दोन बाहुल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर शाळेच्या मुलाला जे कळेल, ते धड्याच्या चार पानांत कळत नाही. दिल्लीच्या शंकर्स बाहुली संग्रहालयात १९६५ पासून प्रांतोप्रांतीच्या पोशाखांतल्या बाहुल्या आहेत. पण अशा मांडणीत प्रांताला एक जोडपं मिळतं आणि प्रांताच्या पोटातले थर गुळगुळीत होतात.

गोडदेवला या कामासाठी रोमपर्यंत जायची गरज नाही. नवघर, खारी, राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन, डोंगरी या गावठाणांत आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन घरं आहेत, आणि तिथल्या म्हाताऱ्या बायकांची नेसण अजून विचारून घेता येते. चौकडीचं लुगडं किती वारांचं, काष्टा किती वर, मिठागरावर जाताना पदर कुठे खोचायचा आणि लग्नाला कुठे, हे मोजपट्टी घेऊन आजच लिहून काढता येईल. खर्चाची सबब फारशी टिकत नाही. बाहुलीला लागतं ते शिंप्याकडचं कातरण, आणि जरीचा तुकडा हवाच असेल तर चर्नी रोडला उतरून भुलेश्वर गाठता येतं. वेळ मात्र जातो, तो नाकारण्यात अर्थ नाही. तरीही किल्ला स्पर्धांचे परीक्षक तटबंदी, बुरूज आणि चोरवाटांना गुण देतात, तसे दहा गुण किल्ल्यावरच्या चित्रांच्या कपड्यांना ठेवायला हरकत नाही. अट एवढीच घालावी की मुलांनी प्रत्येक अंगरख्याचा आधार सांगावा, आणि जिथे आधार नाही तिथे ‘अंदाज’ लिहिल्याबद्दल गुण कापू नयेत.