गवत जांभळं झालं तेव्हा



घरात कॉम्प्युटर आला की पोरं गेम खेळतात आणि आईबाप ओरडतात, हे घरोघरी चालू आहे. आमच्याकडेही तेच झालं. आज मात्र मी गेमच्या बाजूने लिहिणार आहे. त्याने दिलेला तापही सांगणार आहे.

2012 साली थोरलीच्या एमएस-सीआयटीसाठी सोलापुरातून जुना कॉम्प्युटर आणला. हिने बिड्या वळून भरलेली भिशी त्यात गेली. धाकट्याने कुठूनशी 'एज ऑफ एम्पायर्स 2'ची सीडी पैदा केली. हा गेम 1999 सालचा. सुरुवातीला तीन गावकरी, एक घोडेस्वार आणि भोवती रान. लाकूड तोडायचं, अन्न गोळा करायचं, दगड-सोनं खणायचं. एक घर बांधलं की पाच माणसांची सोय. मग हळूहळू किल्ले आणि फौज. नुसती मारामारी केली तर हार ठरलेली. आधी घर चालवता आलं पाहिजे.

पहिल्याच रात्री पडद्यावर गवत जांभळं आणि पाणी लालभडक! दुरुस्तीवाल्याने आतलं कार्ड गेलं म्हणून सांगितलं आणि नव्याचा जो भाव सांगितला, तो ऐकून मी मशीन विकायलाच काढलं. थोरलीचा कोर्स निम्म्यावर होता. ती म्हणाली, "बाबा, कार्ड गेलं असतं तर बाकीचं सगळं नीट कसं दिसलं असतं?"

तिचं बरोबर होतं. आपल्या होटगी जंक्शनवर जुन्या माणसांनी पाहिलं आहे, मुंबई-मद्रासची वाट ब्रॉडगेज आणि गदगचा फाटा मीटरगेज. डबा चांगला, रूळही चांगले, पण एकाचा डबा दुसऱ्यावर चालायचा नाही. इथेही तोच प्रकार. गेम जुना, फक्त 256 रंगांच्या पेटीवर चालणारा. विंडोज 7 नवं. विंडोजचा 'एक्सप्लोरर' नावाचा भाग त्याच पेटीत हात घाली आणि रंगांची अदलाबदल होई. थोरलीने कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि एक्सप्लोररच बंद केला. खालची पट्टी, चित्रं, सगळं गायब. हिने कपाळावर हात मारला, "घालवलीस की माझी भिशी!" पोरीने तिथूनच गेम चालू केला. गवत हिरवंगार. खेळ संपल्यावर तिने एक्सप्लोरर परत बोलावला. कार्डाचे पैसे वाचले आणि मशीन घरात राहिलं. त्याच मशीनवर सराव करून तिने परीक्षा दिली.

कटकटी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. सीडी आत घातल्याशिवाय गेम उघडत नसे. सगळ्यात वैताग शेतीचा. शेतासाठी 60 लाकडं मोजायची. पीक संपलं की गावकरी तिथेच हात बांधून उभा. त्याला पुन्हा सांगावं लागे. 2000 साली आलेल्या 'द कॉन्करर्स' या पुरवणीत पुढच्या पेरण्यांचे पैसे गिरणीत आधीच भरून ठेवता येत, पण आमची सीडी पहिली. रिकामे गावकरी शोधायला पूर्णविरामाची कळ होती. एकदा दाबली की एक दाखवी.

यात एक साधूही आहे. 100 सोन्याचा. तो तलवार उचलत नाही; मंत्र म्हणत शत्रूच्या सैनिकाला आपल्या बाजूला वळवतो. धाकट्याचा सगळा भर त्याच्यावर. "बाबा, यात सम्राट अशोक का नाहीत?" असं त्याने विचारलं होतं. हा गेम मध्ययुगाचा, म्हणून नाहीत. 2005 च्या 'सिव्हिलायझेशन 4'मध्ये मात्र ते भारताचे नेते म्हणून निवडता येतात आणि जो ध्यानाची विद्या सर्वांत आधी शिकेल त्याच्या नगरात बौद्ध धम्माची स्थापना होते. बनवणाऱ्यांना एवढं सुचलं, हे मला आवडलं.

'एज'ची सुधारलेली आवृत्ती नोव्हेंबर 2019 मध्ये आली. रंग शाबूत, पेरणी आपोआप. 2022 साली तिच्या पुरवणीत बंगाली, द्रविड, गुर्जर असे आपल्याकडचेही लोक आले. पण तिला 64-बिट विंडोज लागतं. आमच्या मशीनवर ती बसत नाही. म्हणजे गेज पुन्हा वेगळा, फक्त या वेळी डबा नवा आणि रूळ जुने.

थोरली आता पुण्यात नोकरीला आहे. 14 एप्रिलला घरी येते. मिरवणूक आटोपली की भावंडं तीच जुनी सीडी घालतात, एक्सप्लोरर बंद करतात आणि बसतात. हिला इंग्रजी वाचता येत नाही, पण पूर्णविरामाची कळ तिच्याकडे असते. बिड्यांचं सूप मांडीवर, एक बोट कळीवर. "ह्यो बघ, रिकामाच उभारलाय की. लाव त्याला लाकडाला."