शून्य डॉलरचा कर

गेल्या रविवारी टेक्सासमध्ये शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "मावशी, इथे सायलेन्सरवरचा कर आता शून्य झालाय." मला वाटलं, मोटारसायकलचा. तो हसला. "अगं, बंदुकीचा!"

फोन ठेवल्यावर मी वाचत बसले. हा कर १९३४ सालचा. त्या काळात अमेरिकेत गुंडांच्या टोळ्या मशीनगन घेऊन फिरत. सरकारने त्या बंदुकांवर बंदी घातली नाही, कर लावला. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर घ्यायचा तर दोनशे डॉलर भरा, बोटांचे ठसे द्या आणि सरकारी वहीत नोंद करा. कराचाच मार्ग का? कारण कर बसवण्याचा केंद्र सरकारचा अधिकार पक्का होता. १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा कर म्हणूनच वैध ठरवला. म्हणजे नोंदणी उभी होती ती कराच्या खांद्यावर.

त्या काळी दोनशे डॉलर ही फार मोठी रक्कम होती. पुढे महागाई वाढली, पण कराचा आकडा तोच राहिला.

२०२५ मध्ये सायलेन्सर आणि आखूड बंदुका या कायद्यातून साफ वगळण्याचा प्रस्ताव आला. पण तो अर्थसंकल्पी विधेयकात बसत नाही, असा निर्वाळा सिनेटच्या नियम-सल्लागारांनी दिला. मग तोडगा निघाला: नोंदणी ठेवायची, कर तेवढा शून्य करायचा. १ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला. मशीनगनवर मात्र दोनशे डॉलर कायम आहेत.

आता कोर्टात प्रश्न गेला आहे: करच नाही, तर नोंदणी कशाच्या आधारावर?

समर्थक म्हणतात, शिकारी आणि नेमबाजांचे कान वाचतात. ते खरं आहे. सायलेन्सरने आवाज कमी होतो, सिनेमात दाखवतात तसा नाहीसा होत नाही. विरोधक म्हणतात, गोळीचा आवाज हीच लोकांना पहिली सूचना असते. भाच्याच्या कॉलेजात शिकवलंय: गोळीबार झाला तर पळा, नाहीतर लपा, नाइलाज झाला तरच प्रतिकार करा. पण पळायचं कुठल्या बाजूला, हे आधी कानांनाच कळतं.

मुलांनो, यात कोण बरोबर यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकेल. मला खटकतं ते दुसरंच. नोंदणी गरजेची असेल तर तसं उघड सांगून कायदा करावा. नको असेल तर उघडपणे रद्द करावी. इथे कायद्यातला शब्द जागेवर राहिला आणि एका आकड्याने त्याखालचा पाया काढून घेतला.

म्हणून कुठल्याही कायद्याची बातमी वाचताना आकड्यांवरून नजर घसरू देऊ नका. भाच्यालाही मी तेच सांगितलं. आणि हो, पोचल्याचा फोन रोज करत जा, हेही.