देठ तुटल्यावरही श्वास चालतो

शेतकरी बंधूंनो, वाशीच्या बाजार समितीत भाजी पाठवताना आपण रात्रीचाच टेम्पो का गाठतो? देठ तुटला तरी भाजीचा श्वास चालूच असतो. उन्हात तो वाढतो आणि माल माना टाकतो. गारव्यात श्वास मंदावतो, माल टिकतो.

हे सांगायचे कारण वेगळे आहे. त्याच नवी मुंबईत, बेलापूरच्या अपोलो रुग्णालयात यकृत, मूत्रपिंड यांचे प्रत्यारोपण होते. नियम तिथेही हाच. अवयव शरीरातून काढला की रक्त थांबते, रक्ताबरोबर प्राणवायूही थांबतो. म्हणून अवयव खास द्रावणाने धुऊन बर्फाच्या पेटीत साधारण ४ अंशांवर ठेवतात. त्याची प्राणवायूची गरज त्यामुळे फार कमी होते, पण संपत नाही. हृदय सुमारे ४ तास, यकृत १२ तास, मूत्रपिंड २४ तासांच्या आसपास तग धरते. रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका पळवतात ती यासाठीच. अवयवातून प्राणवायू मिसळलेले रक्त खेळवत ठेवणारी यंत्रेही निघाली आहेत. लंडनमध्ये २०१३ साली अशा यंत्रात उबदार राखलेले यकृत प्रथमच रुग्णाला बसवले. पण ही यंत्रे महागडी आहेत.

खरी गोम मात्र पेटीच्या आधी आहे. अपघातात डोक्याला जबर मार लागून मेंदू मृत झाला, तर माणूस परत येत नाही. साधी बेशुद्धी वेगळी, हे वेगळे. १९९४ च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासूनच तसे ठरवते. त्यानंतरही छाती हलताना दिसते ती व्हेंटिलेटरमुळे. त्याच प्राणवायूवर हृदय चालते, अवयव जिवंत राहतात. दान करायचे तर याच अवधीत. यंत्र काढले की थोड्याच वेळात सगळे संपते.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीचे अधिकारी, अशा वेळी घरची माणसे तुमच्याच तोंडाकडे बघतात. त्यांना घाई करू नका, दबावही आणू नका. नाही म्हणायचा हक्क त्यांचा आहेच. पण डॉक्टरांचे म्हणणे नीट समजावून द्या. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि तो कोणाला द्यायचा हे प्रतीक्षा यादीवरून ठरते, हेही सांगा. घरी मरण आले तरी डोळे साधारण ६ तासांच्या आत देता येतात.

येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. ऐन दुःखात विचार सुचत नाही, तो आधीच करून ठेवलेला बरा.